मामाजींच्या नोकरीतलं भगदाड

काही लोकांना पाल दिसली की शिसारी येते. मला रिकामा रकाना दिसला की येते. हिशेब तपासणीच्या सरकारी ऑफिसात हयात काढणाऱ्या माणसाचं दुसरं काय होणार? पोराला शाळेत घालताना फॉर्मवर 'अंगावरील खूण' असा एक रकाना होता. पोराच्या अंगावर खूण म्हणून नव्हती. मास्तर म्हणाले, सोडा हो. मी सोडतो काय! 'शोध चालू आहे' असं लिहिलं आणि मगच सही केली. म्हणून सासऱ्यांच्या पेन्शनपायी पुढे जे रामायण घडलं, त्याचा दोष मी आजही घेत नाही. तो रकाना त्यांनी छापलाच कशाला, हा माझा सवाल आहे.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. इंदूबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, काटोलच्या बसमधून उतरल्या त्या एका हातात संत्र्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात सासऱ्यांचं मनगट धरून. सासरे देवराव, ज्यांना मी मामाजी म्हणतो, फौजेतले निवृत्त नाईक. मिशी अशी की कुत्रीसुद्धा बाजूला सरत. पण फौजेतून आल्यावर काटोलला एका शेटजीच्या संत्र्याच्या गोदामावर चौकीदारी करायचे. ट्रक आला की सलाम, शेट आला की सलाम, शेटचा मेहुणा आला तरी सलाम.

माझी बायको सुभद्रा चहा ठेवते न ठेवते तोच सासूबाईंनी तोफ डागली.

"जवाईबापू, तुमी येवढे हिशेबाच्या हापिसात. मंग याईची पिन्शन काहून नाई? सलाम ठोकता ठोकता हात निंगाला खांद्यातून. रातच्याले मी तेल चोळते, सकाळी थे पुन्हा सलाम ठोकतात. असं कुठवर चालन?"

"सोड ना वं," मामाजी पुटपुटले. "मले सवय झाली."

मी चष्मा पुसला. नियम समजावून सांगायचा म्हटलं की मला चष्मा पुसावा लागतो. मामाजी त्रेचाळीस साली भरती झाले. लढाई संपली तशी सेहेचाळीस साली हजारो शिपायांना घरी पाठवलं, त्यात हेही. अठ्ठेचाळीसला पुन्हा भरती झाले ते साठ साली बाहेर पडले. म्हणजे अलीकडची बारा वर्षं आणि पलीकडची तीन. पेन्शनला लागतात पंधरा. पण मध्ये खंड पडला ना! तो खंड सरकारनं माफ केला तर तीन आणि बारा जोडून पंधरा होतात आणि जन्मभर पेन्शन. नाही केला तर तीन वेगळे सडले, बारा वेगळे सडले, हाती भोपळा.

"म्हंजे," सासूबाई म्हणाल्या, "मधातली एक फळी निंगाली म्हून अख्खी खाटच नाई म्हनते का सरकार?"

इतका स्वच्छ खुलासा आमच्या साहेबांनाही जमला नसता. मी म्हटलं, "मामी, ती फळी मी ठोकून देतो. बेफिकीर राहा." आणि हे मी घरापुढच्या ओट्यावर उभं राहून म्हटलं, म्हणजे नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तिथेच फसलो.

फॉर्म आणला. नाव, गाव, पलटण, सगळं झरझर भरलं. आणि मग तो रकाना आला. 'दोन सेवांच्या मधल्या काळात अर्जदार काय करीत होता?'

"काय करत होतात मामाजी?"

मामाजींनी मिशीवरून हात फिरवला, छताकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे पाहिलं. "थेवढं कोरं राहू द्या."

कोरं! माझ्या घरात! मी पेन खाली ठेवायला तयार नव्हतो. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की त्या काळात मामाजी बर्मात होते. दर सणाला, पुरणपोळीवर तूप पडलं की बर्माचे किस्से सुरू व्हायचे. जगाची बर्मातली लढाई पंचेचाळीस साली संपली, मामाजींची अठ्ठेचाळीसपर्यंत चालली. मला वाटलं, तारखांचा घोळ असेल. फौजी माणूस, त्याला कुठे हिशेब येतो.

तेवढ्यात डाव्या अंगाचे शेजारी भैय्याजी आले. हे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आणि तेव्हापासून गल्लीला सल्ला फुकट. "शेती लिहा बावा! शेती म्हटलं का कोनी काही विचारत नाही. आपला देशच शेतीप्रधान."

मी 'शेती' लिहिलं. आहाहा, काय शोभून दिसत होतं! त्या रात्री मी गाढ झोपलो.

दोन महिन्यांनी पत्र आलं. अर्जदाराच्या नावे शेती असल्यास सातबारा जोडावा.

मामाजींच्या नावावर जमीन म्हणजे तुळशीवृंदावनातली माती. तरीही मी रजा टाकून काटोलला गेलो. पटवारी पान खात होता. मी म्हटलं, "सेहेचाळीस ते अठ्ठेचाळीस या काळातली थोडी जमीन मिळेल का?" तो म्हणाला, "साहेब, जुने कपडे भेटतात, जुनी जमीन नाही भेटत." आजूबाजूचे शेतकरी जे हसले ते मी बसमध्ये बसेपर्यंत हसत होते. राजपत्रित होण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला हसले हो!

आता उजव्या अंगाचे महादेवराव पुढे झाले. यांच्याकडे होमिओपॅथीच्या गोळ्यांची एक पेटी होती, त्यामुळे त्यांना जगात सगळीकडे आजारच दिसे. "आजारी होते म्हना. आजारी मानसाले सातबारा कोन मागते?"

मुद्दा बिनतोड होता. पण आधीचं 'शेती' आता खोडता येत नव्हतं. खाडाखोड म्हणजे आमच्याकडे महापाप. म्हणून मी तोड काढली. 'अर्जदार शेती करण्याच्या विचारात होता, परंतु प्रदीर्घ आजारपणामुळे तो विचार अंथरुणातच राहिला.' वाक्य इतकं झकास जमलं की मी ते सुभद्रेला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बाबांना साधं पडसं झालेलं मी पाहिलं नाही." बायकांना मसुद्यातलं काही कळत नाही.

पुन्हा पत्र. एवढ्या प्रदीर्घ आजारानंतर अर्जदार दुसऱ्या भरतीत तंदुरुस्त कसा ठरला? डॉक्टरी तपासणीस हजर करावे.

तपासणीच्या दिवशी मी मामाजींना बजावलं, जरा वाकून चाला, अधूनमधून खोका. पण लष्करी डॉक्टरनं नुसतं "जवान!" म्हटलं आणि मामाजींची छाती दोन इंच फुगली. डॉक्टर म्हणाला उठाबशा काढा, यांनी थांब म्हणेपर्यंत काढल्या. मी मध्ये पडलो. "साहब, ये बहुत बीमार थे! बहुत ज़्यादा!" डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. "ये? बीमार तो आप लगते हैं." आणि खरंच पट्टा माझ्या दंडाला बांधला, माझंच ब्लडप्रेशर मोजलं आणि मलाच मीठ बंद केलं. तेव्हापासून माझ्या ताटात अळणी वरण. पेन्शन कोणाची, पथ्य कोणाला!

शहाण्यानं इथे थांबायला हवं होतं. पण भैय्याजी दारात उभेच होते. "तुमी लोकं निरा भोळे. लिहा ना, देशकार्य. भूमिगत होते म्हना. कोनाची हिंमत आहे विचाराची?"

मी लिहिलं. 'आजारातून उठताच अर्जदाराने भूमिगत राहून देशकार्यास वाहून घेतले.' तीन वेगवेगळ्या गोष्टी एका धाग्यात ओवणं सोपं नसतं, ज्यानं ओवल्या त्यालाच कळतं.

या खेपेला पत्र आलं नाही. पोलीस हवालदार आला, सायकलवरून. त्यानं गल्लीच्या तोंडाशीच मोठ्यानं माझं नाव विचारलं, "चंद्रभान कोन गा इथं?" आणि सगळ्या खिडक्या उघडल्या. अर्ध्या तासात मी ऑफिसात किती खाल्ले याची गल्लीत बोली सुरू झाली. दूधवाल्यानं महिन्याचे पैसे आगाऊ मागितले. भैय्याजी, ज्यांच्यामुळे हे झालं तेच भैय्याजी, खाली मान घालून आमच्या दारावरून गेले, जसे काही मला ओळखतच नाहीत.

हवालदार बैठकीत टेकला. सासूबाई आणि मामाजी काटोलहून आलेलेच होते, सासूबाई आत चहा करत होत्या. हवालदारानं मामाजींना विचारलं, "बुवा, सत्तेचाळीसमंधी भूमिगत होते म्हंता. तेव्हा तं सरकार आपलंच येऊन राहिलं होतं. लपले कोनापासून?"

"लपलो तं होतोच," मामाजी एकदम बोलून गेले.

"कोनापासून?"

मामाजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि तोंड मिटलं ते मिटलंच. हवालदार 'अर्जदार निरुत्तर' असं लिहून, चहा पिऊन गेला.

आणि मग शेवटचा हुकूम. अमुक तारखेला मेजरसाहेब नागपुरात येत आहेत. अर्जदाराने जातीने हजर व्हावे, तीन परस्परविरोधी निवेदनांचा खुलासा करावा, साक्षीदार आणावा. खुलासा न झाल्यास फाईल कायमची बंद. सासूबाईंनी सुभद्रेकडून ते तीनदा वाचून घेतलं. "कायमची म्हंजे? मंग हे मरेपर्यंत शेटलेच सलाम ठोकतीन का?" असं म्हणून त्या पदरानं डोळे पुसत आत गेल्या. मामाजींचा चेहरा मला पाहवला नाही. मी त्यांना हाताला धरून कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर नेलं.

"मामाजी, आता बोला. खून केला होता का कुणाचा?"

"नाही गा जवाईबापू." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पानवाला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटण्यात गुंग होता. "मी नाचत होतो."

"काय?"

"दंडारीत. भिवापूरकडं नत्थूजीची पार्टी होती. दिवाळी झाली का तिकडं गावोगाव मंडईची जत्रा भरते, रातभर दंडारीचा खेळ चालते. बायांची कामं मानसंच करतात. मी राधा होतो." त्यांनी मिशीला पीळ दिला. "बम चालली होती राधा. चार कोसावरून लोकं बंड्या जुंपून येत."

मला आनंदानं गहिवरून आलं. मी पानठेल्यावरच त्यांना मिठी मारली. "मामाजी! म्हणजे तुम्ही व्यवसाय करत होतात! मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तिच्यापायी." आता त्यांचा आवाज पार खाली गेला. "तिच्या बापाची आन होती, पोरगी दीन तं फौजवाल्याले. मी तं घरी पाठवलेला मानूस, रातच्याले लुगडं नेसून नाचनारा. जुनी वर्दी इस्तरी केली आन् गेलो. बर्माहून सुट्टीवर आलो म्हनलं. लगन लागलं तसा पयले भरतीच्या लायनीत जाऊन उभा राहिलो, बोललो थे खरं कराले. सव्वीस वर्सं झाली, तिले मालूम नाही. पिन्शन जाऊ द्या खड्ड्यात. पन तिनं मले नाच्या म्हनून पायलं, तं मी काटोलच्या घरात पाय ठेवू शकत नाही."

मी त्यांना शब्द दिला की मामींना पत्ता लागू देणार नाही. साक्षीदार आणू, साहेबांच्या कानात सांगू, सही घेऊ, झालं. दुसऱ्या दिवशी भिवापूर गाठलं. नत्थूजी आता मिरचीचा व्यापार करत होते. घरात शिरताच मला सतरा शिंका आल्या. देवरावांचं नाव काढताच म्हातारा उडालाच. "राधा? जित्ती हाये आमची राधा? चला, मी आलो!" मी हजार वेळा सांगितलं, काही आणू नका. तरी सुनावणीच्या दिवशी हा गृहस्थ गळ्यात ढोलकी घालून हजर.

आणि सासूबाई? त्यांना घरी ठेवण्यासाठी सुभद्रेनं पोटदुखीचं सोंग घेतलं, मी तेलंगखेडीच्या देवदर्शनाचं आमिष दाखवलं. "पिन्शन माया नवऱ्याची आन् मी घरी भाकरी थापत बसू?" असं म्हणून त्या डबा घेऊन निघाल्या आणि सुनावणीच्या खोलीत पहिल्या बाकावर, साहेबांच्या नाकासमोर जाऊन बसल्या. मामाजींचं तोंडचं पाणी पळालं. माझंही.

मेजरसाहेब वर पाहत नव्हते. तिन्ही कागद टेबलावर मांडून ते म्हणाले, "ये आदमी खेती कर रहा था, बीमार था, और अंडरग्राउंड भी था. दो साल में इतना सब? हम तो पूरी ज़िंदगी में नहीं कर पाए." खोलीतले बाबू खुदखुदले. मी उठून, चष्मा पुसून, चौथं निवेदन सांगावं म्हणून तोंड उघडलं, तर साहेबांनी हात वर केला. "आप बैठिए. आप बहुत लिख चुके. जवान बोलेगा. सच बोलेगा तो सुनूँगा, नहीं तो फ़ाइल आज बंद."

मामाजी सावधानमध्ये उभे राहिले. त्यांनी एकदा नत्थूजींकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग समोर भिंतीवर नजर लावली.

"साब, फाईल बंद करा. त्या टायमाले मी काहीच करत नव्हतो. मले पिन्शन नाही पाहिजे."

मला वाटलं, सगळं बुडालं. साहेबांनी पेन उचललंसुद्धा.

"थांबा जी साहेब!" सासूबाई उभ्या राहिल्या. "हे खोटं बोलून राहिले. हे राधा होते."

मामाजी जागच्या जागी हलले. सावधानमधला माणूस हलताना मी पहिल्यांदाच पाहिला.

"आमच्या गावच्या मंडईत याईची पार्टी आली होती," सासूबाई साहेबांना सांगत होत्या, पण पाहत नवऱ्याकडे होत्या. "दंडारवाल्याईजवळ लुगडी कुठली? थे गावातल्याच घरी मागतात. राधेसाठी माया मायचं ठेवनीतलं लुगडं गेलं. दरसाली थे वापस ये, तं चोळामोळा झालेलं, पानाच्या पिचकाऱ्या उडालेलं. माय आठ दिवस शिव्या दे. पन त्या साली लुगडं आलं थे धुतलेलं, वाळवलेलं, आन् घडी अशी का कोपऱ्याले कोपरा! पुस्तक ठेवल्यावानी. माय म्हने, ही राधा कोनाची वं? मी मनात म्हनलं, कोनाची नसन तं मले पाहिजे."

मी साहेबांसाठी हिंदी करू लागलो. घडीचं सांगितलं तसे साहेब खुर्चीत मागे रेलले आणि जे हसत सुटले ते चष्मा काढूनच थांबले. "कोने से कोना! अरे, ये तो किट-इंस्पेक्शन की तह है. ये फ़ौज के सिवा कोई नहीं सिखाता!"

"मंग महिन्यानं हे आले आमच्या घरी, वर्दी घालून," सासूबाईंना आता कोण थांबवणार? "बापाले बर्माचं सांगत होते. मी दाराआडून पायलं. रातभर पायलेली राधेची चाल, आंगनातून आले तेव्हाच वळखली होती."

नत्थूजींनी एवढ्यासाठीच ढोलकी आणली होती. "साहेब, पुरावा पाहिजेन ना?" म्हणाले आणि थाप टाकली. आणि काय सांगू! माझे मिशाळ सासरे, पायात बूट, छातीवर पदकं, त्या सरकारी खोलीत कमरेवर हात ठेवून गवळणीच्या चालीवर एक गिरकी घेऊन गेले. दोन बाबू टेबलावर चढले. चपराश्यानं शिट्टी मारली. गिरकी संपली तशी मामाजींनी खाडकन टाचा जुळवून सलाम ठोकला, आणि साहेबांनी उभं राहून तो घेतला.

खंड माफ करण्याची शिफारस तिथेच झाली. मी जरा विजयी मुद्रेनं पुढे झालो, तर साहेब म्हणाले, "मिस्टर, मुझे तो सिर्फ़ यही देखना था कि आदमी जेल में या किसी और सरकारी नौकरी में तो नहीं था. ये ख़ाना ख़ाली छोड़ देते, तो भी चलता." मी नुसता चष्मा पुसला. काही लोकांची बढती कशी होते कोण जाणे.

पेन्शन यथावकाश सुरू झाली आणि शेटजीला दुसरा चौकीदार शोधावा लागला. पण खरी गंमत त्या संध्याकाळी बसस्टँडवर झाली. मामाजी सुनावणीपासून गप्प होते. मला वाटलं, लाजले असतील. कसलं काय, ते भडकले होते. काटोलची बस लागायची होती, आणि हे बाकावरून एकदम उसळले.

"तुले मालूम होतं, मंग बोलली काहून नाही? सव्वीस वर्सं मी फुकटच त्या बर्मात मरून राहिलो! दर दिवाळीले नवीन लढाई कुठून आनू, मले माया जीवाले मालूम!"

"तुमी सांगता किती छान!" सासूबाई हसू दाबत म्हणाल्या. "मले वाटे, आज सांगतीन खरं, उद्या सांगतीन. तुमी तं पूलच उडवत राहिले बर्मातले."

"आन् तुया बाप? त्याले फौजी पाहिजे होता ना?"

"बापाले पाहिजे होता. मी कुठं काही म्हनलं होतं?"

मामाजी खाली बसले. मग हळूच म्हणाले, "पवनीच्या मंडईत एकदा का झालं, मालूम आहे? ऐन गवळणीत माया अंबाडा सुटला..." आणि सुरूच झाले. राधा कोणत्या गावी पडली, कोणत्या पाटलानं राधेला खरंच लग्नाचं विचारलं, नत्थूजींनी कृष्णाला कसं बदडलं. सासूबाई हसून हसून बाकावर आडव्या व्हायच्या बाकी होत्या. काटोलची बस आली. मी म्हटलं, मामाजी, बस. कोणी ढुंकून पाहिलं नाही. बस गेली. दुसरी आली, तीही गेली. मी आपला पिशवी धरून उभा. मामाजी उठून, अख्ख्या बसस्टँडदेखत, राधा घागर कशी धरायची ते हात करून दाखवत होते.

सासूबाईंनी मान तिरपी करून पाहिलं.

"असा नव्हता जी हात," त्या म्हणाल्या. "जरासा वर होता."